परवान्यापासून प्रवाहापर्यंत : नभोवाणी, तिची कवाडे आणि आपण

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत मंडळाच्या कार्याचा, कार्यकर्त्यांचा आणि उत्सवांचा इतिहास यावयाचा, हे उचितच होय. आणि तो लिहिण्यास आमच्याहून अधिकारी मंडळी आपल्यात आहेत. आम्ही येथे जो इतिहास मांडू इच्छितो, तो मंडळाच्या कोणत्याही इतिवृत्तात सापडावयाचा नाही. तथापि जबलपुरातील मराठी घरांत मराठी टिकली कशी, याचा विचार करू लागले की तो टाळताही येत नाही. ग्रंथालय, नाटके, व्याख्याने यांचा वाटा मोठा आहेच. परंतु व्याख्यान वर्षातून चार वेळा आणि नाटक फार तर दोनदा. रेडिओ मात्र रोज सकाळी बोलत असे. त्यावर मराठी ऐकू यावी की न यावी, कोणाला यावी आणि कोणत्या अटीवर यावी, हे ठरविणारे हात गेल्या शंभर वर्षांत अनेकदा बदलले. त्या हातांविषयीचे हे टिपण आहे.

तरुण वाचक विचारतील की, यात सांगण्यासारखे ते काय? आज मोबाइल उघडला की मुंबईची अस्मिता वाहिनी, पुणे, नागपूर, सर्व केंद्रे हात जोडून उभी असतात. खरे आहे. परंतु येथे एक मूलभूत भेद ध्यानात घेतला पाहिजे. रेडिओची लहर एकदा मनोऱ्यावरून निघाली की ती कोणाची राहत नाही. ती राजवाड्यावर पडते, तशीच झोपडीवर पडते. ती कोण ऐकतो हे प्रक्षेपण करणाऱ्यास कळत नाही, आणि एखाद्यास ऐकू न देण्याची सोयही त्याच्यापाशी नसते. इंटरनेटवरील ध्वनिप्रवाहाचे तसे नाही. तेथे प्रत्येक श्रोता प्रथम मागणी करतो, सर्व्हर ती मागणी पाहतो, मागणी करणाऱ्याचा पत्ता पाहतो आणि मग आवाज पाठवितो. पाठवितो, किंवा पाठवीत नाही. लहर ही पावसासारखी आहे. प्रवाह हा नळासारखा, आणि नळाला तोटी असते. सार्वजनिक नभोवाणी संस्था ही तोटी कशी वापरतात, हा आज जगभर चर्चेचा विषय झाला आहे. तो नीट समजण्यासाठी मागे, म्हणजे लहरीला कुलूप लावता येत नाही म्हणून सरकारने कुलूप कोठे लावले तेथवर, जावे लागते.

हिंदुस्थानात नभोवाणीचा आरंभ हौशी मंडळींनी केला. मुंबईच्या रेडिओ क्लबने १९२३ मध्ये आणि मद्रासच्या क्लबने १९२४ मध्ये लहानसे प्रक्षेपण सुरू केले. २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले. पुढील महिन्यात कलकत्त्याचे. दोन्ही प्रक्षेपक अवघ्या दीड किलोवॉटचे. कंपनी खाजगी होती आणि तिचे उत्पन्न मुख्यत्वे परवाना शुल्कावर अवलंबून होते. रेडिओ बाळगणाऱ्याने वर्षाला दहा रुपये भरावयाचे आणि त्यांतील आठ कंपनीला मिळावयाचे, अशी ती व्यवस्था. दहा रुपये ही त्या काळी लहान रक्कम नव्हे. पहिल्या वर्षाअखेर सर्व देशात परवानाधारक साडेतीन हजारांच्या आसपास होते. विनापरवाना ऐकणारे किती होते हे कोणीच सांगू शकत नव्हते, कारण लहर कोणाकोणाच्या घरी गेली हे लहरीला ठाऊक नसते. कंपनी तीन वर्षांत बुडाली. १ एप्रिल १९३० पासून सरकारनेच हा व्यवहार हाती घेतला.

या अपयशातून जो कायदा जन्मास आला, तो आम्हांस या सर्व इतिहासाची किल्ली वाटतो. १९३३ च्या इंडियन वायरलेस टेलिग्राफी ॲक्टाने विनापरवाना बिनतारी यंत्र बाळगणे हाच अपराध ठरविला. ऐकणे हा गुन्हा नव्हे, यंत्र जवळ असणे हा गुन्हा! लहर अडविता येत नाही ना, मग लहर ज्या पेटीतून बोलते ती पेटीच नोंदवून घ्या, असा हा विचार होता. पुढे १९३६ मध्ये ऑल इंडिया रेडिओ हे नाव आले. आकाशवाणी हा शब्द तत्पूर्वी १९३५ मध्ये म्हैसूरला प्राध्यापक गोपालस्वामी यांच्या केंद्रासाठी वापरला गेला होता आणि तो सर्व देशाने स्वीकारण्यास आणखी वीस-एक वर्षे लागली. नावे बदलली, राज्यकर्ते बदलले, तरी पेटीची नोंद करण्याची ही पद्धत १९८५ पर्यंत चालू राहिली.

परक्या सरकारला या पेटीची भीती का वाटावी, याचे उत्तर १९४२ ने दिले. मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑगस्टच्या अखेरीस काँग्रेस रेडिओ सुरू केला. पोलिसांचा ससेमिरा चुकविण्यासाठी प्रक्षेपक या घरातून त्या घरात हलवीत, नोव्हेंबरात पकडले जाईपर्यंत, सुमारे अडीच महिने तो चालला. उषाताईंना चार वर्षांचा कारावास घडला. त्याच वर्षी सुभाषबाबूंचा आझाद हिंद रेडिओ जर्मनीतून लघुलहरींवर बोलू लागला होता, आणि त्याच्या भाषांत मराठीही होती. आमचे जबलपूर हे सैन्याच्या सिग्नल विभागाचे माहेरघर. बिनतारी विद्येचे शिक्षण घेणारे शेकडो जवान येथील छावणीत असत. फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत नौसैनिकांचा उठाव झाला तो प्रथम ‘तलवार’ या संदेशवहन शिकविणाऱ्या नाविक तळावर, आणि त्या महिन्याच्या अखेरीस जबलपुरातील सिग्नलच्या जवानांनीही काम बंद करून मोर्चा काढला. संदेश वाहणाऱ्यांच्या कानांवर सर्वांआधी संदेश पडतात, एवढेच येथे म्हणून पुढे जातो.

स्वातंत्र्य मिळाले तेव्हा भारताच्या वाट्याला सहा केंद्रे आणि सुमारे पावणेतीन लाख रेडिओ संच आले. मराठी मुलखात होते ते एकटे मुंबई. अशा स्थितीत १६ जुलै १९४८ रोजी नागपूर केंद्र सुरू झाले. आजच्या पिढीला हे मुद्दाम सांगावे लागते की त्या दिवशी नागपूर हे आपलेच, म्हणजे जबलपूरकरांचेच, राजधानीचे शहर होते. मध्यप्रांत व वऱ्हाड हा द्विभाषिक प्रांत. हिंदी आणि मराठी या दोन्ही त्याच्या भाषा. भोसल्यांच्या अमलापासून, आणि १८१७ नंतर इंग्रजी अमलात वकिली, शिक्षकी, रेल्वे व तोफगाडी कारखान्यातील नोकरी यांच्या निमित्ताने, येथे स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांना नागपूरचा रेडिओ हा परमुलखाचा आवाज नव्हता. तो घरचा होता.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना झाली. जबलपूर नव्या मध्यप्रदेशात आले आणि नागपूर द्विभाषिक मुंबई राज्यात, व १९६० मध्ये महाराष्ट्रात गेले. आपल्याला उच्च न्यायालय मिळाले, राजधानी भोपाळला गेली. सरकारी कागदांवरून मराठी निघाली, शाळांतून क्रमाने आक्रसली. हे सर्व कायद्याने झाले आणि त्याविषयी येथे तक्रार नाही. हिंदी प्रदेशात हिंदीचे राज्य असावे हे न्याय्यच आहे. परंतु सीमा आखणाऱ्यांना एक गोष्ट करता आली नाही. नागपूरच्या मध्यम लहरीला त्यांना सीमेवर थांबविता आले नाही. नागपूर आणि जबलपूर यांमध्ये सातपुड्याच्या रांगा आणि रस्त्याने जवळजवळ पावणेतीनशे किलोमीटरांचे अंतर. दिवसा आवाज क्षीण येई, कडाडत येई, पण येई. सूर्यास्तानंतर आकाशातील विद्युद्भारित थरांची रचना पालटते, त्यावरून लहरी परतून दूरवर उतरतात, आणि मग मुंबईही लागे. आवाज जवळ येई, दूर जाई, मध्येच दुसरे एखादे केंद्र आपला मुलूख असल्यासारखे घुसे. जाणकार मंडळी संच खिडकीच्या एका विशिष्ट कोपऱ्यात ठेवीत आणि तो तेथून हलविण्याची घरात कोणास परवानगी नसे. १९६४ मध्ये जबलपुरात आकाशवाणीचे स्वतःचे केंद्र झाले आणि शहराला त्याचा अभिमान वाटला. तरी सुई फिरविताना नागपूरची जागा मराठी घरांतील बोटांना अंधारातही ठाऊक असे.

आकाशवाणीच्या या काळातील धोरणांविषयी लिहिताना डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांचा उल्लेख अपरिहार्य आहे. १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षे माहिती व नभोवाणी खाते एका मराठी माणसाच्या हाती होते. त्यांनी शास्त्रीय संगीताला आकाशवाणीवर जे स्थान दिले त्याबद्दल देशाने त्यांचे ऋणी राहिले पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. परंतु त्यांनीच चित्रपटगीतांना दार लावले, हेही तितकेच खरे. परिणाम काय झाला? श्रोत्यांनी सुई सिलोनकडे वळविली. १९५२ च्या अखेरीस रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली आणि अमीन सयानींचा आवाज घरोघरी पोहोचला. सरकारी केंद्राला स्वतःचे कवाड बंद करता येत होते, समुद्रापलीकडून येणारी लहर बंद करता येत नव्हती. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू करून सरकारनेच ते दार उघडले. श्रोत्यापाशी दुसरी वाट असली की दारवानाचा हट्ट फार काळ टिकत नाही. आजच्या प्रश्नाकडे पाहताना हे प्रकरण आम्हांस वारंवार आठवते.

त्याच दशकात, १ एप्रिल १९५५ पासून, पुणे केंद्रावरून गीतरामायण आठवड्यास एक गीत याप्रमाणे प्रसारित झाले. माडगूळकरांची छप्पन्न गीते आणि सुधीर फडके यांचे संगीत. मराठी मनावर कोणत्याही सरकारी खात्याने एवढा परिणाम पुन्हा केला नसेल. पण ज्या केंद्राच्या लहरी जेथवर पोहोचतील तेथवरच त्या कार्यक्रमाचे राज्य, हा तेव्हाचा निसर्गनियम होता.

आता परवान्याकडे वळू. आपले मंडळ बाल्यावस्थेत होते त्या काळात घरात रेडिओ असणे म्हणजे पोस्टात दरवर्षी हजेरी लावणे. घरगुती संचासाठी वर्षाला पंधरा रुपये. टपाल कचेरीच्या खिडकीवर परवान्याचे पुस्तक द्यावयाचे, त्यावर तिकिटे चिकटवून शिक्का मारून घ्यावयाचा. पुस्तकात संचाची कंपनी आणि क्रमांक लिहिलेला. मुदत टळली की अधिभार. बिनपरवाना संच शोधणारे निरीक्षकही असत, आणि ते गल्लीत आल्याची वार्ता त्यांच्याआधी चार घरे पुढे गेलेली असे. हे पैसे कोणी आनंदाने भरत नसे. तरी त्या व्यवस्थेतील एक गुण विसरू नये. सरकारला एवढेच कळे की अमक्याच्या घरी अमुक क्रमांकाचा संच आहे. त्या संचावर तो नागपूर ऐकतो की सिलोन, पहाटेची भक्तिगीते ऐकतो की रात्री बीबीसी, हे सरकारला कळण्याचा मार्ग नव्हता. आणीबाणीत या गोष्टीला किती मोल आले, हे ती वर्षे पाहिलेल्या वडीलधाऱ्यांना विचारावे.

आणीबाणीत प्रक्षेपणाची बाजू संपूर्णपणे सरकारच्या मुठीत होती, आणि मूठ कशी वळते याचे एक उदाहरण आपल्याच प्रदेशाशी निगडित आहे. नभोवाणी मंत्री होते विद्याचरण शुक्ल, तेव्हाच्या मध्यप्रदेशातील रायपूरचे; आणि मे १९७६ मध्ये ज्यांची गाणी आकाशवाणीवरून बंद झाली ते किशोरकुमार खांडव्याचे. सरकारी कार्यक्रमात गाण्यास नकार, एवढाच त्यांचा अपराध. पुढे जनता सरकारने बी. जी. वर्गीस यांची समिती नेमली, तिने १९७८ मध्ये आकाशवाणी व दूरदर्शन यांसाठी स्वायत्त न्यासाची शिफारस केली, आणि ती शिफारस बराच काळ कपाटात विसावली. परवाना मात्र संपला. लहान संचांना आधी सूट मिळाली होती. १९८५ मध्ये रेडिओ आणि दूरचित्रवाणी दोन्हींचा परवाना रद्द झाला. पोस्टातील ती रांग नाहीशी झाली आणि आकाशवाणीचा खर्च सर्वस्वी सरकारी तिजोरीवर व जाहिरातींवर आला. ब्रिटनमध्ये रेडिओचा स्वतंत्र परवाना १९७१ मध्येच गेला होता, परंतु दूरचित्रवाणीचा परवाना तेथे राहिला आणि बीबीसीचा संसार आजही त्यावर चालतो. या भेदाचे फळ पुढे दिसेल.

९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट असोसिएशन ऑफ बंगालच्या खटल्यात निर्णय दिला की नभोलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. ती सरकारची मिरास नव्हे. न्यायपीठावर न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. १९९० चा प्रसार भारती कायदा १९९७ मध्ये अंमलात आला. खाजगी एफएम केंद्रे आली. त्यांना स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा मात्र मिळाली नाही. २०१९ मध्ये आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा पुन्हा ऐकविण्याची परवानगी देण्यात आली, एवढेच. लहरी जनतेच्या खऱ्या, पण बातमी अजून एकाच दारातून येते.

एफएमचा आवाज स्वच्छ, पण त्याची धाव थोडी. मनोरा दिसेनासा झाला की आवाजही थांबतो. सातपुडा ओलांडून नागपूरचे एफएम जबलपुरास यावयाचे नाही. इकडे शहरात विजेची नाना उपकरणे वाढली, त्यांच्या खरखरीत मध्यम लहर बुडाली. जुने मध्यम लहरींचे प्रक्षेपक टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे धोरण प्रसार भारतीने स्वीकारले. नव्या मोबाइलमध्ये मध्यम लहर पकडण्याची सोयच नसते. अशा रीतीने, जे राज्य पुनर्रचनेला साधले नाही ते तंत्रज्ञानाने साधले. आपली लहर सीमेवर थांबली.

मराठी रेडिओ जबलपुरास परत आला तो दुसऱ्या वाटेने. डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनची उपग्रहावरून थेट घरी येणारी सेवा सुरू झाली आणि तीवर आकाशवाणीच्या वाहिन्याही आल्या; त्यानंतर संकेतस्थळे आणि न्यूज ऑन एअर हे ॲप. २६ जानेवारी २०१६ रोजी सुरू झालेली शास्त्रीय संगीताची रागम् वाहिनी तर उपग्रह आणि इंटरनेट यांच्यासाठीच काढली गेली. केसकर असते तर प्रसन्न झाले असते. प्रसार भारतीने २०२१ च्या सुमारास प्रसिद्ध केलेल्या माहितीनुसार या ॲपवर आकाशवाणीच्या २४० हून अधिक सेवा उपलब्ध होत्या आणि ८५ हून अधिक देशांतून त्या ऐकल्या जात होत्या. देशातील शहरांच्या क्रमवारीत पुणे वारंवार अग्रभागी असे. मराठी श्रोता अजून रेडिओ सोडावयास तयार नाही, याचा हा सज्जड पुरावा आहे. परंतु वाचकांनी याच वाक्यात दडलेली दुसरी गोष्टही पाहावी. कोणत्या शहरात कोणते केंद्र किती ऐकले जाते, हे आता प्रक्षेपण करणाऱ्यास ठाऊक असते. परवान्याच्या पुस्तकाला जे कधीच कळले नव्हते ते.

प्रवाहाला तोटी कोणकोणत्या तऱ्हेने लावता येते? सर्वांत सोपी तऱ्हा म्हणजे श्रोत्याच्या जोडणीचा पत्ता पाहून देशानुसार निवड करणे. या देशातून मागणी आली तर द्या, त्या देशातून आली तर नको म्हणा. दुसरी म्हणजे प्रवाहाचा मूळ पत्ता झाकून ठेवणे, जेणेकरून तो केवळ संस्थेच्या स्वतःच्या ॲपमधूनच उघडेल आणि इतर उत्पादकांच्या इंटरनेट रेडिओ संचावर चालणार नाही. नाव, दूरध्वनी क्रमांक देऊन नोंदणी केल्यावाचून दार न उघडणे ही आणखी एक. आणि एक अगदी निरुपद्रवी वाटणारी आहे : प्रवाहाची जुनी पद्धत बंद करून नवी आणणे. बीबीसीने २०२३ मध्ये तसे केले आणि कित्येक चांगले इंटरनेट रेडिओ संच तिच्यापुरते मुके झाले. कोणास मनाई केली असे म्हणता येत नाही, पण आवाज बंद होतो.

याच बीबीसीने जुलै २०२५ मध्ये आपले साउंड्स हे ॲप ब्रिटनबाहेरील श्रोत्यांना बंद केले. परदेशस्थांसाठी वेगळे संकेतस्थळ व वेगळे ॲप ठेवले हे खरे. तरी देशी आणि परदेशी अशा दोन पंगती झाल्या. क्रिकेट कसोटीचे त्यांचे प्रख्यात धावते वर्णन तर अनेकदा ब्रिटनच्या बाहेर मिळतच नाही, कारण हक्क देशागणिक विकलेले असतात. बीबीसीची बाजूही समजून घेतली पाहिजे. परवान्याचे पैसे ब्रिटिश कुटुंबे भरतात. त्या पैशावर साऱ्या जगाने फुकट का जेवावे, असा तेथे प्रश्न विचारला जातो. १९२७ च्या आपल्या कंपनीचाही हाच प्रश्न होता. फरक इतकाच की त्या कंपनीपाशी तोटी नव्हती.

आपल्याकडे ऐकण्यासाठी शुल्क नाही, त्यामुळे ऐकणाऱ्यास अडविण्याचे ते कारणही नाही. पण हक्कांचा प्रश्न आपल्यालाही सुटलेला नाही. २०१२ च्या दुरुस्तीने स्वामित्वहक्क कायद्यात नभोवाणीला ठरीव मोबदल्यावर संगीत वाजविण्याचा वैधानिक परवाना मिळाला. परंतु एप्रिल २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने टिप्स विरुद्ध विंक या खटल्यात म्हटले की ही सवलत रेडिओ व दूरचित्रवाणी प्रक्षेपणापुरती आहे, इंटरनेट सेवांना ती लागू नाही. आणि २०२२ मध्ये खंडपीठाने ते मत कायम केले. त्या खटल्यातील सेवा खाजगी आणि निराळ्या स्वरूपाची होती, हे खरे. तरी मनोऱ्यावरून गेलेले गाणे आणि तारेतून गेलेले तेच गाणे यांत कायदा भेद करू शकतो, एवढे त्यावरून निश्चित होते. खेळांच्या बाबतीतही असेच. २००७ च्या कायद्याने महत्त्वाच्या सामन्यांचे प्रक्षेपण प्रसार भारतीस द्यावे लागते. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दूरदर्शनविषयी सांगितले की ते तिने आपल्या मनोऱ्यांवरून आणि आपल्या उपग्रह सेवेवरून दाखवावे, खाजगी केबलवाल्यांच्या हाती जाऊ देऊ नये. ज्या वाटेसाठी दिले त्याच वाटेने न्यावे, हे या निर्णयाचे तात्पर्य. जबलपूरच्या मराठी श्रोत्यापाशी आता नभोवाणीच्या जुन्या वाटेने येणारे काहीच उरलेले नाही. जे येते ते या नव्या वाटेने.

म्हणून आमचे म्हणणे असे की, सार्वजनिक नभोवाणीचा प्रवाह ही सवलत न मानता लहरीचा वारस मानावा. जी लहर नाव न विचारता घरात येत असे, तिचा प्रवाहही नाव न विचारता यावा. आज आकाशवाणीने तो बव्हंशी तसाच खुला ठेवला आहे, हे तिच्या श्रेयाचे आहे आणि ते मनमोकळेपणाने मान्य केले पाहिजे. परंतु तो खुला आहे तो चालीने. श्रोत्याला तसा हक्क देणारे कलम आमच्या वाचनात आलेले नाही. १९३३ चा कायदा रद्द करण्याची तरतूद २०२३ च्या दूरसंचार कायद्यात आहे. प्रक्षेपण सेवांसाठी नवे विधेयकही २०२३ मध्ये चर्चेस आले आणि पुढील वर्षी सुधारित मसुदा मागे घेण्यात आला. पुन्हा जेव्हा मसुदा निघेल तेव्हा सूचना मागविल्या जातील. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी मंडळांनी, इंदूरने, ग्वाल्हेरने, बडोद्याने, हैदराबादने आणि आपण, एकत्र येऊन एक निवेदन देण्यास काय हरकत आहे? केंद्रांची यादी कमी करावयाची झाल्यास प्रदेशाबाहेरील श्रोत्यांचा विचार व्हावा, साध्या संचावर चालेल असा एक तरी प्रवाह कायम राहावा, ऐकण्यासाठी नोंदणीची सक्ती नसावी. मागण्या एवढ्याच. महाराष्ट्राच्या शासनाला आपली आठवण निवडणुकीपुरतीही नसते, कारण आपली मते तेथे नाहीत. आणि आपल्या राज्याला मराठी केंद्राची काळजी असण्याचे कारण नाही. हे काम दुसरे कोणी करणार नाही.

बाकी प्रवाहाचे गुण आम्ही नाकारीत नाही. नागपूर आता भर दुपारी, खरखरीवाचून, शेजारच्या खोलीत बोलावे तसे ऐकू येते. संच खिडकीपाशी ठेवावा लागत नाही. एक लहानशी अडचण राहिली आहे. नागपूरहून निघालेला आवाज सरळ सातपुडा ओलांडून येत नाही. तो कोठल्या तरी दूरच्या सर्व्हरवर जातो, तेथे त्याचे तुकडे होतात, ते साठविले जातात आणि मग आपल्यापर्यंत पाठविले जातात. या प्रवासात अर्धा मिनिट सहज जातो, कधी अधिकही. त्यामुळे बातम्यांपूर्वी वेळ सांगितली जाते तिच्यावर घड्याळ लावण्याची आपल्या घरांतील जुनी पद्धत मात्र आता सोडून द्यावी लागली आहे.